माझ्या फोटोखालचं पॅकेज

रफिकभाईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"ताई, ह्या तुमीच न?"

मीच होते. घाटंजीच्या बस स्टँडसमोर लागलेल्या फ्लेक्सचा फोटो होता तो. वर नागपूरच्या एका मीडिया आणि ॲनिमेशन इन्स्टिट्यूटचं नाव. मधे कॉम्प्युटरसमोर हसणारी गोरी पोरं. खाली 'आमचे यशस्वी विद्यार्थी' अशी पट्टी आणि पट्टीत गोल गोल चेहरे. त्यातला एक माझा. चेहऱ्याखाली लिहिलं होतं, 'स्नेहा, मोशन ग्राफिक आर्टिस्ट, पुणे'. त्याच्याखाली वर्षाचं पॅकेज. तो आकडा मी इथं लिहीत नाही. लिहिताना मला अजून त्रास होतो.

"नाव चुकवलं त्यायनं," रफिकभाई म्हणाले. "फ्लेक्सवाले नाव चुकवतेच. माझ्या भावाच्या दुकानाचं उद्घाटन होतं तं त्यायनं त्याचंच नाव चुकवलं होतं."

त्यांना नाव तेवढं चुकलेलं वाटलं. बाकी सगळं त्यांनी खरं धरलं होतं. पुण्याची नोकरी हल्ली घरबसल्या होते, असं त्यांनी ऐकलं होतं.

मी शीतल. घाटंजीत आमच्या विद्यार्थी संघटनेचं प्रवेश मार्गदर्शन केंद्र आहे, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत. बारावी झालेली पोरं येतात, कोणत्या कोर्सला जाऊ विचारतात, मी सांगते. त्याआधी मी पत्रकं लिहायचे. खाजगी कॉलेजांची फी, फसव्या जाहिराती, अडकलेल्या शिष्यवृत्त्या. कॉलेजच्या गेटवर उभी राहून वाटायचेसुद्धा. ज्या इन्स्टिट्यूटच्या फ्लेक्सवर मी यशस्वी विद्यार्थिनी म्हणून हसत होते, तिच्याविरुद्ध मागच्याच वर्षी मी पत्रक काढलं होतं. तिथं मी शिकणं लांबच, तिचा जिनाही चढलेले नाही.

हे सगळं मी रफिकभाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, विश्वास काही ठेवला नाही, आणि खुर्ची पुढं ओढली.

"देखो ताई, राग नका मानू. पन तुमचं झालं न चांगलं? मंग दुसऱ्याचं काहून होऊ नये?"

रफिकभाई ट्रॅक्टर मेकॅनिक. पारव्याच्या रोडला त्यांचं गॅरेज आहे. गॅरेजच्या एका कोपऱ्यात त्यांची मुलगी सना रेडियमचं काम करते. रेडियम म्हणजे गाड्यांवर चिकटवतात तो चमकणारा रंगीत कागद. नंबर प्लेट, ट्रॉलीच्या मागची नावं, टँकरवरचा पत्ता, सगळं ती कापते. दुसरीकडे हे काम मशीनवर होतं. सना अक्षर हातानं काढते आणि ब्लेडनं कापते. तिच्या अक्षरासाठी लोक मुद्दाम येतात.

तिला मीडिया आर्टची डिग्री करायची होती. हा शब्द आमच्याकडे सगळे वापरतात आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळंच काही असतं. कोणाला टीव्हीवर बोलायचं असतं, कोणाला रील कापायच्या असतात, कोणाला कार्टून काढायचं असतं. सनाला अक्षरं आणि चित्रं हलवायची होती. तिनं रेडियमच्या कापून उरलेल्या तुकड्यांचा एक बैल केला होता. तुकडे काचेवर ठेवायचे, फोटो काढायचा, जरासे सरकवायचे, परत फोटो. असे फोटो जोडून तिनं फोनवर एक छोटा व्हिडिओ केला होता. बैल बसतो. मालक त्याला ओढतो. बैल उठत नाही. शेवटी मालकच त्याच्या शेजारी बसतो.

तो व्हिडिओ तिनं मला केंद्रात येऊन दाखवला होता. मला तो आवडला असं म्हणणं खोटं होईल. मला तो माझा हवा होता.

आता हेही सांगून टाकते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बारावीनंतर मलासुद्धा आर्ट कॉलेजला जायचं होतं. माझे वडील म्हणाले, नागपूर लांब आहे. दोन वर्षांनी माझ्या भावाला त्यांनी पुण्याला इंजिनिअरिंगला पाठवलं. पुणे त्यांना जवळ वाटलं असावं. भाऊ सेकंड इयरला कंटाळून परत आला. तोवर मी मुक्त विद्यापीठातून पत्रकारितेची पदवी घेतली होती, घरी बसून. त्यामुळे कोणी बाप आपल्या मुलीला हाताशी धरून केंद्रात घेऊन येतो आणि म्हणतो, "पोट्टी म्हनते तं शिकू दे," तेव्हा मी त्या बापाकडे पाहत नाही, फॉर्मकडे पाहते. अशा बापांचं कौतुक करणाऱ्या पोस्ट मी टाकते. त्या टाकताना दात आवळलेले असतात.

रफिकभाई त्या दिवशी सल्ला मागायला आले नव्हते. त्यांचं ठरलं होतं. "परवा त्यायच्या यवतमाळच्या ऑफिसात जाऊन सीट बुक करून राह्यलो. गॅरेजच्या मांगचा प्लॉट काढतो. गिऱ्हाईक भेटलं."

"प्लॉट विकता?"

"मंग? शिक्षन हाय. तुमच्याच फोटोनं डोकं ठिकानावर आलं माझं. म्हटलं, आपल्या घाटंजीची पोट्टी इतकी कमावते तं माझी कमी हाय का?"

म्हणजे माझ्या चेहऱ्यावर विश्वास ठेवून माणूस प्लॉट विकायला निघाला होता. आणि परवाच सरकारी प्रवेशफेरीचा फॉर्म भरायची मुदत संपत होती.

हे काय प्रकरण आहे ते सोपं करून सांगते. आर्टच्या डिग्रीला राज्याची प्रवेश परीक्षा असते, सीईटी. सनाच्या ड्रॉइंगच्या सरांनी तिला ती द्यायला लावली होती. तिचा मेरिट नंबर आला होता, चांगला आला होता. तोही तिनं मला बैलाबरोबरच दाखवला होता. मेरिट नंबर आला की ऑनलाइन कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा. तो भरला नाही तर नंबर कितीही चांगला असो, सीट मिळत नाही. आणि मुलींना फीमाफीची जी योजना आहे ती या सरकारी फेरीतून गेलं तरच लागू होते. बाहेरून पैसे भरून सीट घेतली की संपलं. परवाच्या दिवशी रफिकभाई एकीकडे प्लॉटचे पैसे भरणार होते आणि दुसरीकडे पोरीची फुकट होऊ शकणारी सीट आपोआप जाणार होती. त्यांना हे माहीत नव्हतं. सनाला अर्धवट माहीत होतं, कारण त्या दिवशी मी घाईघाईत सांगितलं होतं. पण फ्लेक्सवर पुण्याची स्नेहा हसत होती, तिच्यापुढे पोर्टलवरची बारीक अक्षरं कोण वाचतो?

रफिकभाई गेल्यावर मी स्टँडवर गेले आणि फ्लेक्ससमोर उभी राहिले. फोटो जुना होता. संघटनेच्या महिला दिनाच्या फ्लेक्ससाठी मी पासपोर्ट फोटो दिला होता, तो. पण इथं त्याचा रंग उजळला होता. स्नेहा माझ्यापेक्षा बरी दिसत होती. तिला पुण्यात खोली असणार, ऑफिसात एसी असणार, महिन्याच्या शेवटी आईला फोन करून ती विचारत असणार, काही पाठवू का म्हणून. माझ्याच चेहऱ्यावर ती हे सगळं करत होती. मी तिथं उभी राहून स्वतःवर जळत होते. असा प्रकार आधी कोणाच्या बाबतीत झाला असेल तर मला कळवा.

तिथून फ्लेक्सवाल्या मंगेशकडे गेले. मंगेश आमची पत्रकंही छापतो, त्यामुळे ओळख चांगली.

"माझा फोटो त्या इन्स्टिट्यूटच्या फ्लेक्सवर कसा गेला?"

त्यानं मान वर केली नाही. "खालची पट्टी रिकामी दिसून राह्यली होती, ताई."

"म्हणजे?"

"त्यायनं नावं देल्ली, पॅकेज देल्ले, फोटोच नाई देल्ले. म्हने अर्जंट हाय, तुह्याजवळचे टाक, मंग बदलू. मंग बदलाचं राहून गेलं."

आमच्याकडचा कोणताही फ्लेक्स पाहा. वाढदिवस असो, नेमणूक असो, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची पट्टी असतेच. पट्टी नसली तर फ्लेक्स उघडा वाटतो. मंगेशच्या कॉम्प्युटरमध्ये त्यासाठी एक फोल्डरच आहे. तालुक्यातले सगळे चेहरे त्यात आहेत. वर्षानुवर्षं त्याचा हात सवयीनं तिकडे जातो. यशस्वी विद्यार्थ्यांची पट्टी म्हटल्यावरही तो तिकडेच गेला.

"माझ्या शेजारचा कोण आहे?"

"तो उपसरपंच हाय एका गावचा."

"त्याला गेम डिझायनर केलंस? बेंगळुरूचा?"

"त्याले सांगतलं मी. लय खुश झाला. स्टेटसले ठेवला त्यानं."

"मला का नाही सांगितलं?"

"तुमी खुश झाल्या नसत्या," मंगेश म्हणाला आणि पुढचा फ्लेक्स उघडला.

मग इन्स्टिट्यूटच्या यवतमाळ ऑफिसला फोन लावला. तिथला ॲडमिशन हेड स्वप्नील. एकेकाळी संघटनेत माझ्याबरोबर होता. आमची अर्धी पत्रकं त्यानंच लिहिलेली, शिक्षणाच्या बाजाराबद्दल माझ्यापेक्षा चांगलं लिहायचा. आता बाजारात आहे. त्याच्याकडे पांढरी गाडी आहे, आणि पालक त्याला स्वप्नीलसर म्हणतात. मला ताई म्हणतात. दोन्हींत फरक आहे, मला तो रोज कळतो.

"बोल शीतल. फ्लेक्सबद्दल ना? फोटो प्रातिनिधिक आहेत. खाली लिहिलंय."

"खाली कुठं?"

"एकदम खाली. बांबूला बांधलंय तिथं."

"आणि पॅकेज?"

"ते खरे आहेत."

"कोणाचे?"

"आमच्या विद्यार्थ्यांचे."

"एकाचा फोन नंबर दे."

"प्रायव्हसी असते ना. तू तर यावर भाषणं द्यायचीस." तो हसला. "आणि रागावते कशाला? फुकटात करिअर झालं तुझं."

डिग्री कोणाची मिळते, हे मी त्याला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यानं सांगितलं. सर्टिफिकेट इन्स्टिट्यूटचं. डिग्री दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठाची, घरी बसून अभ्यासाची. म्हणजे मुलगी नागपूरला राहणार, पूर्ण फी भरणार, आणि कागदावर तिचं शिक्षण घरी बसून झालेलं असणार. अगदी माझ्यासारखं. फक्त माझं स्वस्तात झालं. 'प्लेसमेंट असिस्टन्स'चा अर्थही विचारला. नोकरी देतो असा त्याचा अर्थ होत नाही. नोकरी शोधताना तुमच्या पाठीशी आहोत, असा होतो. पाठीशी म्हणजे कुठं, ते कोणी सांगत नाही.

केंद्राचे प्रमुख गावंडे सर रिटायर मास्तर आहेत. त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, आज पत्रक काढते. मथळासुद्धा तयार होता.

"पत्रक कोणासाठी?" त्यांनी विचारलं.

"जनतेसाठी."

"जनतेची मुदत परवा संपते का?"

"नाही."

"पोरीची संपते. आधी तिचा फॉर्म. पत्रक पुढच्या हप्त्यात काढ, चुका तरी कमी होतील."

मला राग आला. पण फॉर्म पहिला, हे बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोनवर बसले. सरकारी आर्ट कॉलेजातून पास झालेल्या चौघांचे नंबर सनाच्या ड्रॉइंगच्या सरांनी मिळवून दिले होते. कोर्स तपासायची माझी एकच रीत आहे. माहितीपत्रक बाजूला ठेवायचं आणि पास झालेल्या माणसाला कामाच्या वेळेत फोन करायचा. कामावर असला तर घाईत बोलतो. नसला तर निवांत बोलतो. त्यांतली एक जण नागपुरात जाहिरात एजन्सीत होती, तिनं मला दीड मिनिटात कटवलं. एक जण पुण्यात मोबाइल ॲपचे स्क्रीन डिझाइन करतो, त्यानं संध्याकाळी करा म्हणून सांगितलं. तिसरी शाळेच्या पुस्तकांत चित्रं काढते, पैसे उशिरा येतात पण येतात म्हणाली, आणि लगेच फोन ठेवला. चौथा निवांत बोलला. वर्धेत भावाच्या दुकानात बसतो. पहिली नोकरी पटली नाही, दुसरी लागली नाही. हेही मी लिहून घेतलं. चौघांतले तीन घाईत, एक निवांत. माझ्या धंद्यात हा निकाल चांगला समजतात.

त्या चौघांचा कोर्स होता बीएफए, अप्लाइड आर्ट. चार वर्षांचा. अप्लाइड म्हणजे कामाला लागणारी कला. जाहिरात, अक्षरं, पुस्तकं, ॲनिमेशन, स्क्रीनवर दिसणारं सगळं. भिंतीवर टांगायच्या चित्रांचा तो कोर्स नव्हे, हे मला दर वर्षी दहा बापांना समजवावं लागतं.

दुपारी गॅरेजवर गेले. रफिकभाई ट्रॅक्टरखाली होते, फक्त पाय बाहेर. सना कोपऱ्यात कोणाच्या तरी टँकरचं नाव कापत होती. मी स्टुलावर बसून त्या पायांशी बोलू लागले.

आधी फोटोचं सांगितलं. मंगेश, फोल्डर, रिकामी पट्टी, उपसरपंच. उपसरपंचाचं ऐकून ट्रॅक्टरखालून हसू आलं. "त्याले मी ओळखतो. त्याले मोबाइल चार्जिंगले लावता येत नाई." मला वाटलं, जिंकले.

रफिकभाई बाहेर सरकले आणि उठून बसले.

"बरं. फोटो खोटा. पन कॉलेज खोटं कशावरून?"

"अहो, फोटोच खोटे टाकतात तर..."

"ताई, माझ्या बोर्डावर पाहा." त्यांनी पान्यानं वर दाखवलं. गॅरेजच्या बोर्डावर एक झगझगीत परदेशी ट्रॅक्टर होता. "असा ट्रॅक्टर ह्या गॅरेजात आलाच नाई कधी. पन मी मेकॅनिक खरा हाय न?"

हा मुद्दा माझ्या एकाही पत्रकात नव्हता.

मग मी डिग्री कोणाची ते सांगितलं, फीमाफीचं सांगितलं, चार फोनचं सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकलं. मेकॅनिक माणूस, आवाज ऐकायची सवय. शेवटी म्हणाले, "तुमी सांगता सरकारी बरं. स्वप्नीलसर सांगते त्यायचं बरं. तुमी दोघंही बोलनारे. मी कोनाचं ऐकू? तिकडं पैसे लागते, मतलब कायतरी असन तिथं. इकडं फुकट. फुकट काहून हाय?"

"फुकट नाही. मेरिटवर आहे."

"तेच ते."

तेवढ्यात सनानं ब्लेड खाली ठेवलं.

"दीदी, एक विचारू? माहा नंबर तुमी पाह्यला न, त्या दिवशी केंद्रात. तवा तुमचं तोंड काहून उतरलं?"

"कधी?"

"मी फोन दाखोला. तुमी पाह्यलं आन पानी प्याले उठल्या. बाटली तुमच्या पुढंच होती. बैलाचा व्हिडिओ दाखोला तवा बी तसंच. अब्बूले मी सांगतलं घरी, की दीदीले माहं काम पटलं नाई. म्हनून आमी तिकडं पाह्यलं."

माझ्या तोंडावर काय दिसतं हे मला कोणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं. म्हणजे फ्लेक्सच्याही आधी, माझं तोंड पाहून ही माणसं स्वप्नीलकडे गेली होती. शांतपणे काहीतरी सावरून बोलता आलं असतं. मला सावरून बोलता येत नाही.

"पटलं नाही असं नाही," मी म्हटलं. "जळले मी."

"कोनावर?"

"तुझ्यावर. त्या नंबरावर. मला तो नंबर हवा होता तुझ्या वयात, मला कोणी परीक्षेला बसूही दिलं नाही. आणि तो बैल पाहून तर मला दोन दिवस झोप आली नाही नीट."

सना माझ्याकडे पाहत राहिली. "बैलावरून?"

"हो, बैलावरून."

रफिकभाई हात पुसायला लागले. ते कापड हातापेक्षा काळं होतं, तरी बराच वेळ पुसत राहिले.

"ताई, एक सांगा. ही स्वप्नीलसरच्या कॉलेजात गेली असती, तं जळल्या असत्या का?"

मी विचार करायला थांबले नाही. "नाही."

"काहून?"

"तिथं मीही उद्या जाऊ शकते. बँकेनं कर्ज दिलं की झालं. त्या सीटवर कशाला जळायचं, ती कोणालाही मिळते. ही दुसरी सीट मला कोणी देणार नाही, कितीही पैसे दिले तरी. वयही गेलं आणि हातही तसा नाही. म्हणून जळते."

रफिकभाईंनी पोरीकडे पाहिलं. मग ट्रॅक्टरकडे. मग म्हणाले, "ह्या गॅरेजातून दोनदा चोरी झाली. दोनी बार ओरिजिनल पार्टच गेले. डुप्लिकेटचा डब्बा उघडाच पडून राह्यते, त्याले कोनी हात नाई लावत."

एवढं बोलून त्यांनी मुलीला हाक मारली. "सना, फॉर्म काढ."

मी लॅपटॉप उघडला आणि रेडियमच्या टेबलावर आम्ही पसंतीक्रम भरला. नागपूर पहिलं, मग बाकीची सरकारी कॉलेजं, मग अनुदानित. ओटीपी रफिकभाईंच्या फोनवर येत होता, फोन शर्टच्या खिशात, शर्ट खिळ्याला, खिळा ट्रॅक्टरच्या पलीकडे. दोनदा ओटीपीची वेळ संपली. तिसऱ्यांदा सना ट्रॅक्टरच्या बोनेटवरून उडी मारून गेली. फॉर्म गेला. रफिकभाईंनी तिथंच प्लॉटच्या गिऱ्हाइकाला फोन लावून सांगितलं, "भाई, अभी रुक जाओ." नाही म्हणाले नाहीत, थांब म्हणाले. माणूस सावध होता.

पहिल्या फेरीत सनाला सीट लागली नाही.

हे दिवस फार वाईट गेले. स्वप्नील रोज त्यांना फोन करायचा. सीट भरत आली, उद्या फी वाढणार, शीतलताई संघटनेच्या राजकारणासाठी तुमच्या पोरीचं वर्ष घालवते आहे. शेवटचं वाक्य रफिकभाईंनी मला जसंच्या तसं ऐकवलं, आणि म्हणाले, "मी त्यायले म्हटलं, राजकारन नाई, ती जळते. तं ते गप झाले."

गप झाला असणारच. मी किती जळकी आहे हे स्वप्नीलला संघटनेपासून माहीत आहे. त्याच्या भाषणांना टाळ्या पडायच्या तेव्हा मी पत्रकांचे गठ्ठे बांधत बसायचे, तेही कडक गाठ मारून.

मलाही धीर उरला नव्हता. सीट लागली नाही तर पोरीचं वर्ष माझ्या बोलण्यानं जाणार होतं, आणि तिनं माझ्या बोलण्यावर विश्वास का ठेवला? तर मी तिच्यावर जळते म्हणून. हे गावंडे सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "मार्गदर्शनाची ही पद्धत मी कुठं वाचली नाही." मग पुढं म्हणाले, "मागच्या वर्षांची यादी काढ. ह्या नंबराला दुसऱ्या फेरीत सीट लागते का पाहा. जळणं वेगळं, तपासणं वेगळं." यादी काढली. लागत होती. थोडक्यात, पण लागत होती.

दुसऱ्या फेरीचा निकाल आला त्या सकाळी लॉगिन माझ्याकडे होतं, त्यामुळे आधी मलाच दिसला. नागपूर, अप्लाइड आर्ट. मी स्क्रीनकडे पाहत बसले. तिथं सनाचं नाव होतं, आणि काही क्षण मी त्या जागी माझं नाव ठेवून पाहिलं. मग फोन लावला.

रफिकभाईंनी उचलला. "लागली?"

"लागली."

"तुमचा आवाज तसाच हाय," ते म्हणाले. "म्हंजे चांगलंच झालं."

सना आता नागपूरला आहे, सरकारी होस्टेलमध्ये. फीमाफीचा अर्ज मंजूर व्हायला वेळ लागला, दोन चकरा माझ्याही झाल्या. राहण्या-खाण्याचा आणि रंग-कागदाचा खर्च आहेच, तो कोणी माफ करत नाही. एक जुना लॅपटॉप घ्यावा लागला. प्लॉट विकावा लागला नाही. सुट्टीच्या दिवशी ती नागपुरातल्या दुकानांच्या पाट्यांची अक्षरं काढून देते, त्यात तिचा वरचा खर्च निघतो. चार वर्षांनी ती किती कमावेल ते मला माहीत नाही. स्वप्नीलला माहीत असतं, मला नसतं. कोणी आकडा सांगितला तर नंबर मागा. नंबर दिला तर कामाच्या वेळेत फोन करा.

फ्लेक्सविरुद्ध मी तक्रार दिली, पत्रकही काढलं. मंगेशनंच छापलं आणि खाली शुभेच्छुकांची पट्टी टाकू का विचारलं. तक्रारीचं अजून काही झालेलं नाही.

मी आता काम थोडं बदललं आहे. फी पाहते, डिग्री कोणत्या विद्यापीठाची ते पाहते, पास झालेल्यांना फोन करते. सगळं तपासून झालं की शेवटी स्वतःला विचारते, ही मुलगी ह्या सीटवर बसली तर मी जळेन का. उत्तर नाही आलं तर पालकांना म्हणते, दोन दिवस थांबा, अजून बघू. गावंडे सर म्हणतात, ही रीत सरकारी कागदावर लिहिता येणार नाही. नाही लिहिणार.

यंदा आतापर्यंत दोघींवर जळले आहे.